कॅनडा खरंच ‘शांतिदूत’ होता का?

सीमोल्लंघन (धागाकर्ता):

मागे एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की कॅनडा म्हणजे थंडी, मेपलचा पाक आणि उठसूट सॉरी म्हणणारी माणसं. जगाच्या राजकारणात त्यांना विचारतो कोण? तिथेच उत्तर दिलं असतं तर मूळ विषयाचा बट्ट्याबोळ झाला असता, म्हणून वेगळा धागा. लांबण लागणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

इथल्या, म्हणजे कॅनडातल्या, लोकांना स्वतःबद्दल काय वाटतं ते बघायचं असेल तर २००१ साली आलेली दहा डॉलरची नोट बघा. तिच्या मागच्या बाजूला निळ्या टोपीतला, दुर्बीण लावून उभा असलेला शांतिसैनिक आहे. जगात बहुतेक देश आपल्या लढाया मिरवतात. यांनी नोटेवर पहारा छापला. राजधानी ओटावात ससेक्स ड्राइव्हवर १९९२ साली उभारलेलं शांतिसैनिकांचं स्मारकही आहे. पडझड झालेल्या शहराचा राडारोडा, त्यातून सुरीसारख्या निमुळत्या होत वर गेलेल्या दोन दगडी भिंती, आणि त्या जिथे मिळतात तिथे तीन सैनिक. फोटो काढताना जरा डावी-उजवीकडे सरकलात की चौकटीत अमेरिकेची वकिलात येते, कारण ती अगदी शेजारीच आहे. वकिलात नंतर झाली, मुद्दाम कुणी केलेलं नाही, पण मला ती जोडी फार बोलकी वाटते. का, ते पुढे येईल.

सगळी गोष्ट सुरू होते सुएझपासून. २६ जुलै १९५६ ला इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं आणि ब्रिटन-फ्रान्सचं पित्त खवळलं. त्यांनी इस्रायलशी आतून संधान बांधलं: इस्रायलने सिनाईत घुसायचं, मग या दोघांनी ‘भांडण सोडवायला’ म्हणून कालव्यावर उतरायचं. २९ ऑक्टोबरला इस्रायल घुसलं, दोन दिवसांनी ब्रिटिश आणि फ्रेंच विमानांची बॉम्बफेक सुरू झाली. अमेरिकेच्या अध्यक्षाला, आयसेनहॉवरला, यातलं काही सांगितलेलं नव्हतं, आणि त्याची निवडणूक आठवड्यावर आली होती. तो भडकला. नेहरू भडकले. कॉमनवेल्थ राहते की मोडते अशी वेळ आली.

कॅनडाची अवस्था दोन थोरल्या भावांच्या मारामारीत सापडलेल्या धाकट्यासारखी. एकीकडे ब्रिटन, ज्याच्या राणीचं चित्र इथल्या नोटांवर. दुसरीकडे अमेरिका, जिच्याशी व्यापार, संरक्षण, सगळंच बांधलेलं. परराष्ट्रमंत्री होते लेस्टर पिअर्सन. अमेरिकेने युनोच्या आमसभेत युद्धबंदीचा ठराव आणला तेव्हा कॅनडा तटस्थ राहिला. पिअर्सननी भाषणात कारण सांगितलं: नुसती युद्धबंदी करून सगळे पुन्हा जिथल्या तिथे उभे राहणार असतील तर उपयोग काय? मध्ये उभं राहायला युनोची स्वतःची फौज हवी. सरचिटणीस हॅमरशोल्डना ही कल्पना आधी पटली नव्हती. पण ४ नोव्हेंबरला पहाटे ठराव आला तेव्हा बाजूने ५७, विरोधात शून्य, तटस्थ १९. विरोधात शून्य, हे महत्त्वाचं. ब्रिटन आणि फ्रान्सनेही ‘नाही’ म्हटलं नाही, कारण पिअर्सननी त्यांना नाक न कापता बाहेर पडायला दार करून दिलं होतं.

फौजेचे सेनापती झाले कॅनडाचेच जनरल बर्न्स. कॅनडाने ‘क्वीन्स ओन रायफल्स’ ही पलटण पाठवायची ठरवून हॅलिफॅक्स बंदरात आणून बसवली. आणि नासरने नकार दिला! त्याचं म्हणणं बिनतोड होतं. यांचे गणवेश ब्रिटिशांसारखे, यांच्या झेंड्याच्या कोपऱ्यात युनियन जॅक, पलटणीच्या नावातच राणी. कालपरवापर्यंत ज्यांच्याशी लढलो त्यांच्यात आणि यांच्यात माझ्या लोकांनी फरक कसा करायचा? शेवटी कॅनडाने पायदळाऐवजी दळणवळण, वाहतूक, संदेशवहन अशा कामांची माणसं पाठवली. फौजेची कल्पना ज्याची, त्याचंच पायदळ तिच्यात नाही.

घरी काय झालं? ब्रिटनला ऐन वेळी दगा दिला म्हणून इंग्रजी कॅनडातले बरेच लोक खवळले. जून १९५७ च्या निवडणुकीत पिअर्सन यांचा लिबरल पक्ष हरला. सुएझ हे एकमेव कारण नव्हतं, पण एक होतंच. आणि ऑक्टोबरमध्ये नोबेल शांतता पारितोषिक जाहीर झालं, पिअर्सनना, जे तेव्हा साधे विरोधी बाकावरचे खासदार होते. पुढे पंतप्रधान झाल्यावर त्यांनी झेंडाच बदलला. सहा महिने संसदेत रणकंदन झालं, आणि १५ फेब्रुवारी १९६५ ला लाल मेपलचं पान वर चढलं. त्यामागे फ्रेंचभाषक क्यूबेकची खदखद होतीच, पण नासरचा तो नकार पिअर्सन विसरले नसणार असं मला वाटतं.

तर माझं म्हणणं असं: कॅनडा कधीच तटस्थ नव्हता. नाटोचा संस्थापक सदस्य, अमेरिकेबरोबर नोरॅडमध्ये (दोघांच्या संयुक्त हवाई संरक्षण यंत्रणेत) भागीदार. सुएझमध्ये त्याने जे केलं ते आपली छावणी फुटू नये म्हणून केलं, आणि छावणीतला होता म्हणूनच करू शकला. लंडन आणि वॉशिंग्टन दोन्हीकडे रात्री-अपरात्री फोन उचलला जाईल असे देश तेव्हा होते किती? त्यामुळे ‘शांतिदूत’ म्हणून आरती ओवाळणारे आणि ‘ढोंगी’ म्हणून दगड मारणारे, दोघेही चुकीच्या मापाने मोजतात असं माझं मत. बोला आता.

पेठेतला पारवा:

लेख आवडला. म्हणजे थोडक्यात, साहेबाची लाज राखली म्हणून नोबेल मिळालं. आमच्याकडे असे मध्यस्थ प्रत्येक सोसायटीत असतात, त्यांना कुणी साधा नारळही देत नाही. (हलकेच घ्या.)

देवनारकर:

उत्तम धागा. पण या गोष्टीत मुंबईचं एक प्रकरण आहे आणि ते मी सोडणार नाही, कारण आयुष्यातली बरीच वर्षं त्याच्या सावलीत नोकरी केली.

ज्या १९५६ साली सुएझ झालं त्याच वर्षी भारत आणि कॅनडात ट्रॉम्बेच्या अणुभट्टीचा करार झाला. कोलंबो योजनेखाली, म्हणजे आशियाई देशांसाठीच्या कॉमनवेल्थच्या योजनेखाली, मिळालेली मदत. कॅनडातल्या चॉक रिव्हरच्या एनआरएक्स भट्टीवर बेतलेली ४० मेगावॅटची भट्टी, जड पाणी अमेरिकेचं, म्हणून नाव सायरस (कॅनडा, इंडिया, रिअॅक्टर, यू.एस. यांच्या आद्याक्षरांवरून). जुलै १९६० मध्ये ती कार्यान्वित झाली. यामागे भाभा आणि कॅनडाच्या अणुकार्यक्रमाचे प्रमुख डब्ल्यू. बी. लुईस यांची केंब्रिजपासूनची ओळख होती. आज कुणाला खरं वाटणार नाही, पण त्या काळात दिल्ली आणि ओटावा हे जोडीने वावरणारे देश होते.

करारात ‘शांततामय उपयोग’ हे शब्द होते, तपासणी मात्र नव्हती. १९७१ साली कॅनडाचे पंतप्रधान पिअर ट्रूडोंनी इंदिराबाईंना पत्र लिहून बजावलं की स्फोट केलात तर आम्हाला सहकार्याचा फेरविचार करावा लागेल. १८ मे १९७४ ला पोखरण झालं. प्लुटोनियम सायरसचं. आपण म्हटलं, हा शांततामय स्फोट आहे. कॅनडाने चार दिवसांत अणुसहकार्य थांबवलं आणि १९७६ साली कायमचं तोडलं. राजस्थानात रावतभाट्याला दुसऱ्या भट्टीचं काम अर्धवट होतं, ते आपल्या लोकांनी पुरं केलं. त्या पिढीतले आमचे साहेब कॅनडाचं नाव काढलं की आधी गप्प व्हायचे आणि मग तासभर बोलायचे. सुटे भाग नाहीत, नकाशे अपुरे, विचारायला माणूस नाही. त्यातून आपण शिकलो हे खरं, पण तेव्हा ते शिकणं कुणी हौसेने पत्करलेलं नव्हतं.

सायरस ३१ डिसेंबर २०१० ला बंद झाली. त्याच वर्षी कॅनडाने पुन्हा अणुकरार केला, आणि २०१५ साली आपल्याला युरेनियम द्यायचंही ठरलं. ज्यांनी ३६ वर्षं तोंड फिरवलं त्यांना ग्राहक दिसला. यात शांतिदूत कुठे बसतो ते धागाकर्त्यांनी सांगावं.

सीमोल्लंघन:

देवनारकर काका, हा प्रतिसाद स्वतंत्र लेखाच्या तोलाचा आहे.

तुमच्या मुद्द्याला एक जोड. कॅनडाचा अणूशी संबंध मदतीपासून सुरू होत नाही, बॉम्बपासून सुरू होतो. १९४३ च्या क्यूबेक करारानंतर अमेरिका-ब्रिटनच्या अणुसमितीवर कॅनडाचा मंत्री होता. उत्तरेला ग्रेट बेअर सरोवराच्या काठी पोर्ट रेडियमची युरेनियमची खाण, तिथला माल पोर्ट होपला शुद्ध व्हायचा आणि अणुबॉम्ब बनवणाऱ्या अमेरिकेच्या मॅनहॅटन प्रकल्पाला जायचा. खाणीतल्या मालाच्या गोण्या पाठीवरून वाहणारे डेने आदिवासी होते, त्यांना ते काय वाहताहेत हे कुणी सांगितलं नव्हतं. १९९८ साली त्या डेने लोकांची काही माणसं हिरोशिमाला जाऊन आली. कशासाठी? आमच्या जमिनीतलं तुमच्यावर पडलं, त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करायला. सरकार नाही गेलं, हे गेले.

आणि विकण्याचं म्हणाल तर कराचीलाही कॅनडाचीच भट्टी होती, तैवानलाही सायरसची बहीण होती. पोखरणनंतर यांना एकदम साक्षात्कार झाला.

मृण्मयी_मॉन्ट्रियल:

वाचतेय. सीमोल्लंघन, ‘चुकीच्या मापाने मोजतात’ हे जरा सोयीचं वाक्य वाटलं. मग बरोबर माप कुठलं? सुएझ हा सगळ्यात सोपा पेपर होता. दोन्ही बाजूंना थांबायचंच होतं. खरा पेपर नव्वदच्या दशकात आला आणि त्यात काय झालं ते आमच्याकडे, म्हणजे क्यूबेकात, शाळकरी पोरांनाही माहीत आहे, कारण त्यातला मुख्य माणूस इथलाच.

जनरल रोमेओ दालेर. रवांडातल्या युनो फौजेचे सेनापती. ११ जानेवारी १९९४ ला त्यांनी न्यूयॉर्कला तार केली की एका खबऱ्याने शस्त्रसाठ्यांची आणि तुत्सींच्या (तिथल्या अल्पसंख्य जमातीच्या) याद्यांची माहिती दिली आहे, मी छापा घालणार आहे. उत्तर आलं, घालू नका, तुमच्या अधिकारात बसत नाही. ती तार ज्यांच्या नावे गेली ते युनोचे लष्करी सल्लागार मोरिस बारील, तेही कॅनेडियनच! एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाली, दहा बेल्जियन सैनिक मारले गेले, बेल्जियमने पलटण काढून घेतली आणि सुरक्षा समितीने फौज २७० वर आणायचा ठराव केला. दालेर थांबले. त्यांच्याबरोबर प्रामुख्याने घानाचे सैनिक थांबले, ज्यांचं नाव कुणी घेत नाही. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं गेली. कॅनडाने देश म्हणून काय केलं? राजधानी किगालीच्या विमानतळावर हर्क्युलिस विमानं उतरवत राहिले, ते धाडसाचं होतं, कबूल. पण पलटण नाही पाठवली. दालेर परत आले ते आतून मोडूनच, आणि त्यांनी ते लपवलं नाही. सैनिकांच्या मानसिक जखमांबद्दल या देशात उघड बोललं जातं ते बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे.

त्याच्या आदल्या वर्षी सोमालिया. कॅनडाच्या छत्रीधारी पलटणीच्या सैनिकांनी शिदेन अरोने या सोमाली मुलाला तळावर पकडून रात्रभर मारलं, तो मेला, आणि त्याच्याबरोबर फोटो काढले. १९९५ साली ती अख्खी पलटण बरखास्त झाली. चौकशी आयोग बसला, तो खोलात जायला लागल्यावर सरकारने तो मध्येच गुंडाळला. नोटेवरचं चित्र पलटण बरखास्त झाल्यावर सहा वर्षांनी आलंय, हेही ध्यानात घ्या.

बखरबहाद्दर:

मृण्मयीताईंशी सहमत. आणि त्याच्याही आधीचं, आपल्या दृष्टीने जास्त बोचरं उदाहरण व्हिएतनामचं.

१९५४ च्या जिनिव्हा करारानंतर इंडोचायनात देखरेख आयोग नेमला गेला. अध्यक्ष भारत, सोबत पोलंड आणि कॅनडा. कल्पना अशी की एक कम्युनिस्टांचा, एक पाश्चात्त्यांचा आणि भारत मधला. नेहरूंची अपेक्षा होती की कॅनडा समजूतदारपणा दाखवेल. प्रत्यक्षात पोलंड हनोईची (कम्युनिस्ट उत्तर व्हिएतनामची) बाजू झाकायचा आणि कॅनडा सायगावची (अमेरिकेच्या बाजूच्या दक्षिणेची). दिल्ली-ओटावाच्या मैत्रीला पहिली चीर पोखरणने नाही, या आयोगाच्या कंटाळवाण्या बैठकांनी पाडली असं माझं ठाम मत आहे. देवनारकर काका, राग मानू नका.

१९६४ साली आयोगावरचे कॅनडाचे प्रतिनिधी ब्लेअर सीबॉर्न हनोईला जाऊन पंतप्रधान फाम व्हान डोंग यांना भेटले. खिशात अमेरिकेचा निरोप: ऐकलं नाहीत तर उत्तरेवर मोठा विध्वंस ओढवेल. देखरेख करायला नेमलेला माणूस एका बाजूची धमकी पोचवतोय! पेंटॅगॉनची, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याची, गुप्त कागदपत्रं फुटली तेव्हा हे सगळं बाहेर आलं.

पण धागाकर्त्यांच्या बाजूनेही एक पुरावा. २ एप्रिल १९६५ ला पिअर्सन फिलाडेल्फियात, म्हणजे यजमानाच्याच अंगणात, म्हणाले की उत्तर व्हिएतनामवरची बॉम्बफेक थोडी थांबवून बघा. दुसऱ्या दिवशी कॅम्प डेव्हिडला अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांच्या कोटाची कॉलर धरून जे सुनावलं ते इथे लिहिलं तर संपादक प्रतिसाद उडवतील. सतरंजी आणि लघवी यांचा त्यात उल्लेख होता एवढं सांगतो. कॅनडाने सैन्य पाठवलं नाही. युद्ध टाळून पळालेल्या हजारो अमेरिकन पोरांना आसरा दिला. आणि त्याच वेळी कॅनडाचे कारखाने अमेरिकेला दारूगोळा विकत होते. तिन्ही गोष्टी एकाच सरकारच्या.

पेठेतला पारवा:

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. काका आणि बहाद्दर, चालू द्या.

ऑन्टारियोची_सून:

तुम्ही सगळे परराष्ट्र धोरणावर बोलताय, मी घरातलं सांगते.

२३ जून १९८५. एअर इंडियाचं कनिष्क. ३२९ माणसं आयर्लंडजवळ समुद्रात गेली, त्यातले २६८ कॅनडाचे नागरिक. बॉम्ब कॅनडात ठेवला गेला, कट कॅनडात शिजला. आणि कॅनडाचे पंतप्रधान मलरोनी यांनी सांत्वनाचा फोन कुणाला केला? राजीव गांधींना. ही माणसं आपली आहेत हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. स्फोटाच्या काही आठवडे आधी गुप्तचर खात्याची माणसं संशयितांच्या मागावर व्हँकूवर बेटावरच्या जंगलापर्यंत गेली होती, मोठा आवाज त्यांनी ऐकला आणि बंदुकीचा समजून सोडून दिला. फोनवरच्या संभाषणाच्या टेपा नंतर पुसल्या गेल्या. शिक्षा झाली ती बॉम्ब बनवणाऱ्या एकट्या रेयातला. २००५ मध्ये उरलेले दोघे आरोपी निर्दोष सुटले. चौकशी अहवाल यायला २०१० उजाडलं, मग माफी.

आमच्या ओळखीतल्या एका आजींची बहीण त्या विमानात होती. त्या कधी राजकारणावर बोलत नाहीत. मागे एकदा टीव्हीवर कॅनडाच्या ‘जागतिक जबाबदारी’वर चर्चा चालली होती, तेव्हा रिमोट उचलून चॅनेल बदलला आणि भाजी निवडायला घेतली.

सिनाईत पहारा देता येतो आणि आपल्याच विमानतळावरची बॅग थांबवता येत नाही, याला मी ढोंग म्हणणार नाही. पण कुणाला ‘आपला’ म्हणायचं याची यांची यादी बरीच वर्षं अपुरी होती. १९१४ ला कोमागाटा मारू जहाजातल्या ३७६ भारतीयांपैकी बहुतेकांना दोन महिने व्हँकूवरच्या पाण्यात ताटकळवून परत पाठवलं, तेव्हाची माफी संसदेत मागितली गेली २०१६ ला. आदिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या निवासी शाळा तर पिअर्सनना नोबेल मिळालं तेव्हा जोरात चालू होत्या. दीड लाख मुलं. माफी २००८.

सीमोल्लंघन:

सूनबाई, यावर माझ्याकडे प्रतिवाद नाही आणि करायची इच्छाही नाही.

मृण्मयी, तुम्ही विचारलेल्या मापाबद्दल. मी असं बघतो: मित्राला ‘नाही’ म्हणायची किंमत होती तेव्हा यांनी काय केलं? १९६१ साली वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेला कॉमनवेल्थमधून बाहेर पडावं लागलं, तेव्हा गोऱ्या देशांपैकी एकटे कॅनडाचे पंतप्रधान डीफेनबेकर नेहरूंच्या बाजूला उभे होते. ऐंशीच्या दशकात मलरोनी, हो तेच फोनवाले, दक्षिण आफ्रिकेवरच्या निर्बंधांवरून ब्रिटनच्या थॅचरबाईंशी उघड भांडले. तुरुंगातून सुटल्यावर चार महिन्यांत मंडेला ओटावाच्या संसदेत बोलले. १७ मार्च २००३ ला पंतप्रधान क्रेतियाँनी संसदेत सांगितलं की युनोच्या ठरावाशिवाय आम्ही इराकमध्ये येणार नाही, आणि बाकांवर टाळ्यांचा कडकडाट झाला. या प्रत्येक वेळी नुकसान होऊ शकत होतं.

दुसरीकडे अफगाणिस्तान. तिथे हे अमेरिकेबरोबर गेले आणि कंदहारसारखा सगळ्यात वाईट भाग पदरात घेतला. १५८ सैनिक गेले. शवपेट्या ट्रेंटनच्या हवाई तळावर उतरायच्या आणि ४०१ महामार्गावरून टोरांटोला न्यायच्या. आमच्या गावाजवळच्या पुलावर लोक आपणहून येऊन उभे राहायचे. बंबवाले बंब घेऊन, म्हातारे सैनिक पदकं लावून, शाळेतली पोरं. कुणी बोलवायचं नाही, भाषण नाही. गाड्या खालून जायला मिनीटही लागायचं नाही, त्यासाठी लोक दोन-दोन तास फेब्रुवारीच्या वाऱ्यात. शेवटी त्या पट्ट्याचं नावच ‘वीरांचा महामार्ग’ ठेवलं. तेव्हा मला कळलं की हा देश नोटेवरच्या चित्रापेक्षा वेगळा आहे. लढणारा आहे, फक्त ते सांगायला लाजतो.

नवखा_८८:

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. सध्या कॅनडाचे किती शांतिसैनिक आहेत? आणि भारताचे?

बखरबहाद्दर:

नवखा, स्वागत. १९९३ च्या सुमारास कॅनडाचे तीन हजारांवर होते. अलीकडे शंभराच्याही खाली आलेत. भारताचे पाच हजारांच्या वर. निळी टोपी आता प्रामुख्याने भारत, नेपाळ, बांगलादेश, रवांडा असे देश घालतात. श्रीमंत देश बिल भरतात. सुरक्षा समितीच्या तात्पुरत्या जागेसाठी कॅनडा २०१० ला पोर्तुगालपुढे हरला, २०२० ला नॉर्वे आणि आयर्लंडपुढे. जगाने नोट बघणं केव्हाच सोडलंय.

देवनारकर:

बहाद्दर, राग कसला. आयोगाचा मुद्दा पटला.

फक्त सुएझच्या फौजेचा शेवट कुणी लिहिला नाही, तो लिहितो. मे १९६७ मध्ये नासरने त्या फौजेला निघून जायला सांगितलं. कॅनडाने या माघारीला जोरदार विरोध केला, त्यावर नासरने कॅनडाच्या तुकडीला ४८ तासांत देश सोडायला लावला. विमानं आली, ते गेले. त्या फौजेतली आपली भारतीय तुकडी मात्र जहाजाची वाट बघत गाझातच अडकली होती. ५ जूनला युद्ध पेटलं आणि इस्रायली माऱ्यात आपले जवान मारले गेले. पिअर्सन तेव्हा पंतप्रधान होते. सीमोल्लंघन, ओटावातल्या त्या स्मारकावर या फौजेत गेलेल्या इतर देशांच्या माणसांचा काही उल्लेख आहे का? पुढच्या वेळी गेलात तर जवळून बघून सांगा.

सीमोल्लंघन:

काका, नक्की. मुलीची सुट्टी लागली की जाणं आहेच.

पेठेतला पारवा:

फोटो टाका. वकिलातीसकट.